गावच्या माळाचा अधिवास-नकाशा ऑनलाइन कसा तयार करायचा?

प्रश्न: आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात आहे. गायरानावर सौर प्रकल्प आणायचा की झाडं लावायची, यावर गावात वाद चालू आहे. माळावर लांडगे, काळवीट दिसतात. ग्रामसभेपुढे ठेवता येईल असा नकाशा आम्हाला स्वतःला करता येईल का? संगणकाचं जुजबी ज्ञान आहे.

उत्तर: करता येईल, तोही फुकटातल्या साधनांवर. पण पडीक जमिनींचा तयार सरकारी नकाशा-थर (नकाशावर चढवायची फाइल) उचलून कामाला लागू नका. त्यात माळ ‘पडीक’ म्हणूनच रंगवलेला असतो, आणि तोच नकाशा दाखवून समोरचा म्हणेल की इथं काहीच नाही.

माळ वेगळा काढायला कोपर्निकस ब्राउझर या फुकट संकेतस्थळावरची सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं पुरतात. त्यांचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. तेव्हा दहा-पंधरा गुंठ्यांहून लहान तुकडा चित्रावरून ठरवू नका, जागेवर जाऊन बघा. ‘लेव्हल २ए’ची (हवेचा परिणाम काढलेली) चित्रं निवडा, पट्टा ४ (लाल प्रकाश) आणि पट्टा ८ (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश) टिफमध्ये, म्हणजे मूळ आकडे राखणाऱ्या फाइलमध्ये उतरवा, जेपेग नको. क्यूजीआयएस या फुकटच्या नकाशा-सॉफ्टवेअरच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (ठिपक्यांच्या आकड्यांचं गणित करणारं साधन) (८ वजा ४) भागिले (८ अधिक ४) केलं की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा मिळतो. ब्राउझरमधून कापून न घेता अख्खी मूळ फाइल उतरवली असेल, तर जानेवारी २०२२ नंतरच्या चित्रांत आधी दोन्ही पट्ट्यांतून १,००० वजा करा. नाहीतर आकडा सगळीकडे कमी येतो आणि चांगला माळही उजाड दिसतो.

खरी मेख तारखांची आहे. मे महिन्यात सगळंच तपकिरी, ऑगस्टमध्ये ढग. आपल्याकडे दोन चित्रं लागतात: ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं आणि डिसेंबरअखेरचं. ऑक्टोबरात माळाचं गवत हिरवं असतं, तेव्हा रब्बी ज्वारीची रानं नुकती पेरलेली, उघडी. डिसेंबरअखेर नेमकं उलटं होतं: गवत वाळून पिवळं पडतं आणि ज्वारी भरात असते. दोन्हीवेळी हिरवं राहिलं ते ऊस, बाग किंवा वेडी बाभूळ. दोन्हीवेळी उघडं राहिलं ते मुरमाड, खडकाळ; तेही रिकामं समजू नका, धाविक आणि माळटिटवी अशा उघड्या जागेवरच अंडी घालतात. हिरवं कुठून मानायचं तो आकडा पुस्तकातून घेऊ नका. माळ, ज्वारी, ऊस यांचे माहितीतले चार-पाच गट घ्या, तिथले आकडे बघा आणि त्यावरून ठरवा. पाऊस लांबलेल्या वर्षी पेरणीही लांबते, म्हणून निदान दोन वर्षांची जोडी ताडून पाहा.

त्यावर गटांच्या हद्दी हव्यात. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून गावनकाशा घ्या आणि बांधाचे कोपरे, जुनी विहीर, शिवेवरचे दगड अशा सहा-आठ पसरलेल्या खुणांवर तो बसवा. सगळ्या खुणा गावठाणाजवळच्या घेतल्या तर शिवेकडं नकाशा सरकतो. नीट बसवला तरी काही मीटरचा फरक राहतोच. हद्दीचा वाद या नकाशावर मिटवायला जाऊ नका, त्याला मोजणीच लागते. क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्शन (नकाशाची मोजमाप-पद्धत) ईपीएसजी ३२६४३, म्हणजे मीटरमध्ये मोजणारं, ठेवा. अक्षांश-रेखांशात ठेवलंत आणि ५०० मीटरचा बफर (भोवतालची कड) मागितलात, तर क्यूजीआयएस ५०० अंश धरतं. फाइल साठवताना जिओपॅकेज हा प्रकार निवडा. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्याचं नाव दहा बाइटांत बसवावं लागतं, देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, त्यामुळे ‘पाणवठा’ अर्ध्यावर तुटतो.

आता माळावर जा, आणि मेंढरं राखणाऱ्या धनगरांना सोबत घ्या. लांडगा कुठल्या घळीत असतो, चिंकारा पाण्याला कुठं उतरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. नोंदी घ्यायला मोबाइलवर क्यूफील्ड हे ॲप रेंजशिवाय चालतं. प्रत्येक नोंदीत तारीख, काय दिसलं आणि पुरावा कसला (प्रत्यक्ष, विष्ठा, पाऊलखूण की सांगीव) हे वेगवेगळ्या रकान्यांत भरा. पाऊलखुणांत कुत्रा आणि लांडगा यांची गल्लत हमखास होते. नुसत्या ठशावर ‘लांडगा’ लिहिलंत तर हरकत घेणारा त्यावरच बोट ठेवेल.

सगळ्यात जास्त जपायचं ते पुढं. नेमकी ठिकाणं ऑनलाइन टाकू नका. लांडग्याचं बीळ सापडलं की धूर करणारे, बुजवणारे लोक आहेत, आणि शिकारीही आहेत. बिळाभोवती गोल वर्तुळ काढून ते प्रसिद्ध करणं म्हणजे पत्ताच देणं, कारण मध्यबिंदू कुणीही काढतो. त्याऐवजी एक-एक किलोमीटरच्या चौकोनांची ठरलेली जाळी घ्या आणि ज्या चौकोनात नोंद आहे तो अख्खा रंगवा. आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ संकटग्रस्त प्रजातींचं ठिकाण आपोआप सुमारे २२ किलोमीटरच्या चौकोनात लपवतं, पण तुम्ही बनवलेल्या केएमएलला (ऑनलाइन नकाशावर टाकायची फाइल) ती सोय नाही. फोटोत दडलेला जीपीएस आणि तक्त्यातले अक्षांश-रेखांशाचे रकाने काढूनच फाइल बाहेर द्या. नेमक्या बिंदूंची प्रत जैवविविधता व्यवस्थापन समितीकडं आणि वन विभागाकडं असू द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याची हद्दही तपासा. १९७९ मध्ये ते सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचं जाहीर झालं, पुढं सुमारे १,२०० वर आणलं गेलं. इंटरनेटवरचे जुने थर अजून मोठी हद्द दाखवतात. त्यावरून ‘आमचं गाव अभयारण्यात आहे’ असं ठोकून दिलंत आणि ते खोटं निघालं, तर बाकीच्या नकाशावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

झाडांच्या बाजूच्यांना एवढं जरूर दाखवा: काळवीट आणि धाविक यांना लांबवर दिसणारी मोकळी जागा लागते. माळावर दाट लागवड केली की तो अधिवास सौर पॅनेलइतकाच जातो. झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी, गावठाणात, रस्त्याच्या कडेला लावा.

ग्रामसभेत लिंक दाखवून भागत नाही. मोठ्या कागदावर छापा, गट नंबर ठळक ठेवा, रंग तीनच. प्रत लोक जैवविविधता नोंदवहीला (गावातल्या जीवसृष्टीची नोंदवही) जोडा. ठरावात ‘सोबतच्या नकाशाप्रमाणे’ असं मोघम न लिहिता गट नंबर, क्षेत्र आणि चित्रांच्या तारखा लिहून घ्या. लिंक बंद पडली तरी ठराव वाचता येतो.