गहू सोडायची घाई नको, आधी रक्त द्या

ताई, कोपरांवर-गुडघ्यांवर पाण्याचे बारीक फोड, रात्र रात्र खाज, लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, सारखं तोंड येणं, आणि पोटाची मात्र काहीच तक्रार नाही. तुम्ही लिहिलेलं एकेक लक्षण मी भोगलंय. शेवटी तुम्ही विचारलंय, "उद्यापासून गहू बंद करून बघू का?" तेवढ्यासाठीच हे लिहितेय. अजून नको!

मी डॉक्टर नाही, तुम्हाला सिलिअकच (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होणारा आजार) आहे असंही म्हणत नाही. हा माझा अनुभव, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

माझ्या फोडांना आधी गजकर्ण म्हटलं गेलं, मग उष्णता, मग टेन्शन. त्याबद्दल तक्रार नाही. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, म्हणजे सिलिअकचे हे त्वचेवरचे फोड, काही रोज बघायला मिळत नाही. राग आहे तो नंतरच्या एका दवाखान्याचा. तिथे सिलिअकचा संशय अगदी बरोबर आला, आणि तिथेच सांगितलं, "काही महिने गहू सोडा, बरं वाटलं तर तपासू." बरं वाटलं. मग टीटीजी, म्हणजे सिलिअकच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी, केली, ती नॉर्मल आली, आणि 'सिलिअक नाही' असं कागदावर लिहून मिळालं. अहो, या अँटिबॉडी गहू पोटात जात असेल तोवरच नीट सापडतात! गहू थांबला की त्या उतरत जातात, आतड्याचं अस्तर भरून यायला लागतं, मग एन्डोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यातही काही दिसेनासं होतं. खरं निदान हवं म्हणून मला पुन्हा कित्येक आठवडे पोळ्या खाव्या लागल्या. खाज, तोंड, थकवा, सगळं मुद्दाम परत अंगावर घ्यायचं. ज्यांचं कामच हे आहे त्यांनी हा क्रम चुकवायला नको होता.

टीटीजी आयजीएबरोबर टोटल आयजीए मागून घ्या. आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार, या टीटीजीत तोच मोजतात. सिलिअकच्या शंभरातल्या दोन-तीन जणांत आयजीए मुळातच फार कमी असतं, त्यांची टीटीजी फसवी नॉर्मल येते. त्वचेचा तुकडा घेणार असतील तर तो फोडाचा नको, फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (कातडीत साठलेल्या अँटिबॉडी दाखवणारी तपासणी). हे मी तरी स्पष्ट विचारूनच पुढे जाईन. डॅप्सोन हे या फोडांवरचं औषध दिलं तर खाज दोन-तीन दिवसांत उतरते, पण आतडं त्याने सुधारत नाही. आणि ते सुरू करण्याआधी जी६पीडी (रक्तातल्या लाल पेशींना जपणारं एन्झाइम) तपासलंच पाहिजे.

इथे कुणी आधीच गहू सोडला असेल तर एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची तपासणी विचारा, तिला गहू खाण्याची अट नाही. दोन्ही नसतील तर सिलिअक जवळपास नाहीच. असतील तर मात्र तेवढ्यावरून काही ठरत नाही, निरोगी माणसांतही ते पुष्कळ आढळतात.

निदान पक्कं झालं तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपल्या घरात आहेतच, उपासाचा राजगिरा आणि वरईसुद्धा. पण गिरणीत तुमच्या ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. जमेल तेव्हा घरघंटी घ्या. भाजणी, मेतकूट यांत बहुधा गहू असतो. आणि डबीतला हिंग बघा, बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. माझे फोड बरेच दिवस त्या फोडणीपायीच जात नव्हते.