प्रार्थनेला बसल्यावर देवाचा राग येणे हा अविश्वास आहे का?

आपण लिहिले आहे की वडिलांवर खारघरला टाटाच्या केंद्रात केमोथेरपी चालू आहे, मंडळीतील काही जण घरी येऊन ‘पूर्ण विश्वास ठेवा, ते नक्की बरे होतील’ असे सांगतात, आणि आपण प्रार्थनेला बसलात की शब्दांऐवजी राग वर येतो. अशा काळात देवावर भरवसा कसा ठेवावा, आणि हा राग अविश्वास ठरतो का, असे आपण विचारता. रागाविषयी माझे उत्तर सरळ आहे: ठरत नाही. ज्याच्यावर भरवसाच उरलेला नाही त्याच्याकडे माणूस तक्रार घेऊन जात नाही. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे ‘किती काळ, हे परमेश्वरा’ अशाच सुरात आहेत, आणि प्रभूने वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली. आपल्याला ज्या प्रार्थनेची लाज वाटते ती प्रभूने सर्वांदेखत केली आहे.

आपल्या घरी येणाऱ्या त्या मंडळींविषयी मात्र मला अधिक लिहावेसे वाटते, कारण तशी मंडळी आमच्याही घरी आली होती.

माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा आम्ही कळव्याला राहत होतो. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस खाडीपूल ओलांडून ठाण्यात डायलिसिसला जायचे, चार तास मशीनवर काढायचे आणि दुपारी थकून परत यायचे, असा आमचा आठवडा बांधला गेला. ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्यांना ठाऊक असते की शुक्रवार ते सोमवार हे अंतर सर्वांत अवघड असते. उपासनेचा रविवार नेमका त्या अंतरात येतो. पाय सुजलेले, धाप लागलेली, तरीही ते हार्मोनियमवर बसत. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडून केलेली रक्तवाहिनी, असल्यामुळे भाता जपून हलवीत आणि प्रभूभोजनातला द्राक्षरसाचा घोटही दिवसभराच्या मोजलेल्या पाण्यात धरीत. त्यांच्या तोंडून ‘देवाने माझ्यावर अन्याय केला’ असे वाक्य मी ऐकले आहे, आणि त्याच दिवशी त्यांना गीत वाजवतानाही ऐकले आहे.

माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, कोपरखैरण्याला राहतात. ते एका आरोग्यदानाच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभेला जाऊ लागले होते. एका शनिवारी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ते तिथल्या एका प्रचारकांना घेऊन आमच्याकडे आले. चहा झाल्यावर प्रचारकांनी विचारले की घरात एखादे कबूल न केलेले पाप आहे का, कारण त्याशिवाय इतके मोठे दुखणे येत नाही. दादांनी त्यापुढे जाऊन सुचवले की एक सोमवार मशीन सोडून त्यांच्या उपास-प्रार्थनेला यावे आणि देवाला काम करू द्यावे. यजमान म्हणाले, ‘दादा, सोमवारी त्या मशीनवर पडल्या पडल्या मी चार तास प्रार्थनाच करीत असतो.’ मग त्यांनी पवित्र शास्त्र पाहुण्यांच्या हाती दिले आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मोठ्याने वाचण्याची विनंती केली.

हे स्तोत्र ज्यांनी वाचले आहे त्यांना पुढचा प्रसंग ओळखता येईल. स्तोत्रकर्ता रात्रंदिवस आक्रोश करतो, देवाने आपल्याला खोल गर्तेत टाकले असे म्हणतो, आपले मित्र देवानेच आपल्यापासून दूर केले असा आरोप करतो आणि स्तोत्र अंधारावर संपते. बहुतेक विलापस्तोत्रांच्या शेवटी येणारे उपकारस्मरणाचे वचन येथे नाही. पाहुण्यांनी वाचन संपवले आणि पुढचा भाग शोधण्यासाठी पान उलटले, तर तेथे एकोणनव्वदावे स्तोत्र सुरू झाले होते. दादा म्हणाले की हे जुन्या करारातले आहे, आता आपण कृपेच्या काळात आहोत. तेव्हापासून त्यांचा आणि माझा वाद सुरू आहे. यजमान प्रभूजवळ गेले तरी तो मिटलेला नाही, कारण महिन्याच्या प्रार्थनेत दादांनी साक्ष देताना ‘विश्वास पूर्ण असता तर माझा भाऊ आज येथे असता’ असे सर्वांसमोर म्हटले.

नव्या करारातलेच हवे असेल तर तेही सांगते. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेल्याने आजारी बरे होत असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे, तोच पौल आपला शिष्य तीमथ्य याला कळवतो की सोबती त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मी मिलेतात ठेवून आलो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर तो थोडा द्राक्षारस घेण्याचा उपाय सुचवतो, स्वतःच्या देहातला काटा काढून टाकावा म्हणून तीन वेळा विनंती करतो आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर त्याला मिळते. त्याच्याबरोबर असलेल्या लूकला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. पौलाचा विश्वास अपुरा होता असे म्हणण्याचे धैर्य दादांनी अजून दाखवलेले नाही. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाविषयी शिष्यांनी आमच्या पाहुण्यांचाच प्रश्न विचारला होता, की पाप कोणी केले, त्याने की त्याच्या आईबापांनी. आणि प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले.

दादांच्या सभेत पंडिता रमाबाईंचे नाव फार घेतले जाते आणि केडगावच्या मुक्ती सदनात 1905 साली झालेल्या संजीवनाची, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची, कथा वारंवार सांगितली जाते. सांगावी. पण त्याच रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले, आणि 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, जिच्या हाती त्या आपले काम सोपवणार होत्या. त्यानंतर वर्षभरातच, 5 एप्रिल 1922 रोजी, त्याही गेल्या. पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करणाऱ्या या बाईंचा विश्वास कोणत्या मापाने अपुरा होता, हे मी दादांना विचारले आहे. 1905 त्यांना पाठ आहे. 1921 विषयी ते बोलत नाहीत.

भरवसा कसा ठेवावा, या आपल्या मुख्य प्रश्नाला माझ्याकडे एकच उपाय आहे, आणि तो थोडा आहे: राग आला तरी देवाशी बोलणे थांबवू नये. स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा विलापाची स्तोत्रे मोठ्याने वाचावीत. पवित्र शास्त्रातल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाने स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाला न्यायालयात उभे करण्याची भाषा केली, आणि तरीही शेवटी देवाने, ईयोबाचे सांत्वन करायला येऊन त्यालाच दोष देणाऱ्या तीन मित्रांपैकी एलीफजला सुनावले की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्याप्रमाणे यथार्थ बोलला नाहीत. ते तिघे सुरुवातीचे सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर नुसते बसून होते, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. आपल्या घरी येणाऱ्यांनाही बसण्याचे काम द्यावे. केमोथेरपीच्या दिवशी वडिलांजवळ कोणी थांबावे, कोणी डबा पोहोचवावा, असे नाव घेऊन सांगावे. जे तरीही येतील त्यांच्या प्रार्थनेला बसताना आपल्याला राग येणार नाही.

एक गोष्ट नोंदवायला हवी. देव बरे करीत नाही असे मी म्हणत नाही. याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे आमच्या पाळकसाहेबांनी यजमानांना तेल लावून प्रार्थना केली होती, आणि त्या रात्री ते कित्येक दिवसांनी शांत झोपले. तसे आपण अवश्य करावे. शिवाय आजारी आपले वडील आहेत. त्यांनाच त्या मंडळींच्या गाण्या-प्रार्थनेने बरे वाटत असेल, तर माझे हे उत्तर बाजूला ठेवून त्यांना येऊ द्यावे. फक्त केमोथेरपीची तारीख आणि औषधांची फाईल त्यांच्या हाती देऊ नये, आणि पापाची चौकशी सुरू झाली तर उठून दार उघडावे. दादांनी त्या एका साक्षीबद्दल मंडळीसमोर दोन शब्द बोलावेत, एवढीच माझी मागणी आहे. त्यानंतर कोपरखैरण्याला जायला माझी काही हरकत नाही.