“एवढंच जरा करून द्या ना”

प्रश्न : पाच पानांची वेबसाइट ठरली होती. आता क्लायंट रोज काहीतरी नवं सांगतो आणि वर म्हणतो, “पाच मिनिटांचं तर काम आहे!” तोंडावर नाही म्हणणं जमत नाही.

नाही म्हणूच नका. पण ‘पाच मिनिटं’ उलगडून दाखवा. समजा, फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचाय. डिझाइन हलतं, मोबाइलवर मांडणी बिघडते, डेटाबेसमध्ये जागा करावी लागते, ग्राहकाला जाणारा ईमेल बदलतो, मग सगळं पुन्हा तपासून सर्व्हरवर चढवायचं. अर्धा दिवस गेला. क्लायंट लबाडी करतोय असं नाही, त्याला फक्त तो एक रकानाच दिसतो.

म्हणून त्याच दिवशी लिहून कळवा : “होईल. ६ तासांचं काम आहे, खर्च इतका, आणि मंगळवारऐवजी गुरुवारी मिळेल. करू का?” या ‘करू का?’चं लेखी उत्तर येईपर्यंत त्या कामाला हात लावायचा नाही. माझा अनुभव असा, की निम्म्या मागण्या इथेच विरतात. ज्या उरतात त्यांची खरंच गरज असते आणि त्यांचे पैसेही मिळतात.

प्रश्न : तीन महिने बरंच जास्तीचं काम फुकट करून दिलं. आता प्रोजेक्ट संपत आलाय. त्याचं बिल लावू का?

माझं मत विचाराल तर नको. एकदा मी हेच केलं होतं. मनातल्या मनात हिशेब ठेवला आणि शेवटी ४० तासांचं जादा बिल पाठवून दिलं. क्लायंटचा फोन आला, “हे आधी का नाही बोललात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे बुडाले, माणूसही तुटला.

पण केलेलं काम दिसू तरी द्या. पुढच्या बिलात प्रत्येक जादा काम वेगळ्या ओळीत, पूर्ण दरासह लिहा आणि समोर १०० टक्के सवलत दाखवा. सोबत एक वाक्य : यापुढच्या जादा कामांचा अंदाज आधी देईन. त्या शून्य रकमेच्या ओळी वाचल्यावर पुढचं बोलणं बरंच सोपं जातं.

प्रश्न : क्लायंट म्हणतो, “आपण अजाइल पद्धतीने काम करतोय, बदल तर होणारच.”

हा युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो. अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या-छोट्या टप्प्यांत, वाटेत बदल सामावून घेत बनवायची पद्धत. २००१ साली १७ जणांनी मिळून अजाइलचा जाहीरनामा लिहिला. आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, असं त्यात आहे खरं. पण योजनेला काहीच मोल नाही असं त्यात कुठेही नाही, उलट तिलाही मोल आहे असं स्पष्ट लिहिलंय. बदल फुकट असतो, हे तर नाहीच नाही.

व्यवहारात याचा अर्थ अदलाबदल. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका ठरावीक टप्प्यात, नवी गोष्ट आत येणार असेल, तर तेवढ्याच वजनाची दुसरी बाहेर जाते. यादी क्लायंटसमोर ठेवा आणि विचारा, “यातलं काय मागे ढकलू?” निवड त्याला करू द्या. आणि रक्कम ठरावीक, तारीख ठरावीक, काम मात्र मोकळं, असा करार असेल तर त्याला अजाइल म्हणू नका. तो तुमच्या गळ्यातला फास आहे.

प्रश्न : क्लायंटच्या ऑफिसातले तिघे जण व्हॉट्सअ‍ॅपवर वेगवेगळे बदल सांगतात. कोणाचं ऐकू?

जो बिल मंजूर करतो त्याचं. बाकीच्यांना गोड शब्दांत त्याच्याकडे पाठवा.

प्रश्न : करारात ‘दोन रिव्हिजन’ लिहिलं होतं, तरी वाद झाला. काय चुकलं?

रिव्हिजन म्हणजे काय, ते लिहायचं राहिलं. लोगोतला निळा गडद करणं ही दुरुस्ती. मंजूर झालेला लोगो बाजूला ठेवून “दुसरं काहीतरी दाखवा” हे नवं काम. असं एकेक उदाहरण करारातच घाला. शिवाय ‘यात काय येत नाही’ याची यादी द्या : मजकूर लिहिणं, फोटो, भाषांतर, वर्षभराची देखभाल. बहुतेक भांडणं या न लिहिलेल्या गोष्टींवरूनच होतात.

मात्र ठरलेली गोष्ट तुमच्या चुकीमुळे चालत नसेल, तर ती ना रिव्हिजन, ना जादा काम. ती मुकाट्याने, फुकट आणि सगळ्यात आधी दुरुस्त करायची.