सहा वर्षांच्या मुलीला गोष्टींमधून न्याय-अन्याय, कायदा शिकवता येईल का?

येईल की. फक्त शेवटी तात्पर्य सांगायचा मोह आवरा. तात्पर्य सुरू झालं की मुलं पांघरूण ओढून घेतात.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. तुमच्या मुलीच्याच वयाची माझी भाची सुट्टीत आमच्याकडे असते, तेव्हा रोज रात्री एक गोष्ट बोर्डावर लागते. पहिली अर्थातच चिऊ-काऊची. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, तो दार वाजवतोय, आणि चिऊ म्हणते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, तीट लावते. आपण सगळे ही गोष्ट चिऊच्या घरात बसून ऐकत मोठे झालो. मी भाचीला म्हटलं, आज तू काऊची वकील. ती ताडकन उठून बसली. "तो भिजत होता ना मामा! आणि मेण कुठे मिळतं ते त्याला कुणी सांगितलं होतं?"

दुसऱ्या रात्री मुद्दाम तिलाच चिऊचं वकीलपत्र दिलं. ती म्हणाली, कावळे पिल्लं खातात. आता काऊचा वकील मी होतो आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, हे समजावून सांगावंच लागलं नाही. तुम्हीही बाजू बदलायला लावा, खरी गंमत तिथेच आहे.

मोठ्या मुलांसाठी म्हातारी आणि भोपळा घ्या. "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा" असा शब्द म्हातारीने वाघाला दिला आणि परतताना भोपळ्यात बसून टुणूक टुणूक पसार झाली. ही फसवणूक का? पोरांमध्ये हमखास दोन तट पडतात. मग सांगायचं की जिवाची भीती घालून घेतलेला शब्द, ज्याला भीती घातली त्याला मोडता येतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १५ आणि १९ याचसाठी आहेत. (वाघ हा करार करायला सक्षम पक्षच नाही, असा आक्षेप माझ्या एका सहकाऱ्याने घेतला. त्याला मुलं नाहीत.)

लोण्याचा गोळा वाटणारं माकड तुम्हाला आठवेलच. ती गोष्ट भावंडांच्या भांडणात आपोआप कामाला येते.

आणि मुलांचे स्वतःचे कायदे विसरू नका. लपंडावात सगळ्यात लहान पोर कच्चं लिंबू असतं, त्याच्यावर राज्य येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २० तेच म्हणतं: सात वर्षांखालच्या मुलाने केलेलं काहीही अपराध ठरत नाही. हे मी भाचीला सांगून बसलो. त्या दिवसापासून सांडलेल्या दुधाच्या प्रत्येक खटल्यात ती हाच बचाव घेते, आणि माझी बहीण माझ्याकडे बघते.