कोकणात जुनं घर पाडून नवं बांधायचंय, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यात समुद्रापासून दीडेकशे मीटरवर आजोबांचं कौलारू घर आहे, तुम्ही राहता डोंबिवलीला. सरपंच म्हणतात, ‘ना हरकत दाखला देतो, मे महिन्यात पाडा आणि कामाला लागा.’ लागावं का?

नको. निदान घर पाडू तरी नका. मी सिंधुदुर्गात घरांचे नकाशे आणि परवानगीच्या फायली करतो. आधी पाडलेल्या घराची फाईल हातात आली की माझं अर्धं काम पुरावे शोधण्यातच जातं.

कारण सीआरझेड, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणारे किनारी नियमन क्षेत्राचे नियम. तुमच्यासारख्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र असतं. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना ५० मीटरची सवलत आहे, पण त्यासाठी २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१पेक्षा जास्त माणसं हवीत. आपल्याकडच्या वाड्यांत एवढी माणसं गणपतीतसुद्धा नसतात. तेव्हा २००च धरून चाला. या पट्ट्यात नवं घर सहसा मिळत नाही; अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मात्र करता येते, तीही आहे तेवढ्याच जोत्यावर आणि तेवढ्याच चटईक्षेत्रात. म्हणजे उभं असलेलं जुनं घर हाच तुमचा हक्क. ते पाडून जागा सपाट केलीत तर कागदोपत्री उरतं मोकळं आवार, आणि मोकळ्या आवाराला तिथे परवानगी नाही.

म्हणून पहिलं काम, ग्रामपंचायतीतून घराचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना ८, काढा. चालू वर्षाचा काढाच, पण जितका जुना मिळेल तितका चांगला. पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची, त्यामुळे त्याआधीचा उतारा मिळाला तर सोनंच. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते, मग या उताऱ्याला एवढं महत्त्व का, असं कोणी विचारेल. नुसती घरपट्टी भरल्याने घर अधिकृत ठरत नाही, हे खरंच. पण जुना उतारा घर कधीपासून उभं आहे ते सांगतो, आणि इथे सगळा वाद तारखेचाच असतो.

उताऱ्यावरची लांबी-रुंदी आणि प्रत्यक्ष जोतं ताडून बघा. इथे हमखास घोळ निघतो. उताऱ्यावर ओटी-माजघराचं माप असतं. पुढची पडवी मागाहून पत्रे टाकून वाढवलेली असते, मागचा गोठा कुठेच नसतो. चिऱ्याच्या जोत्याला चारी बाजूंनी टेप लावून माप घ्या, कौलांपर्यंतची उंची घ्या, टेप दिसेल असे फोटो काढा. नंतर भूमी अभिलेखची मोजणी मागवा आणि नकाशात घर दाखवून घ्या. आमच्याकडचे जुने गवंडीसुद्धा सांगतात, ‘आधी मापा घे, मगे पाड.’

आता अर्ज कुणाकडे? घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२खाली परवानगी ग्रामपंचायतीची. पण आपल्या कित्येक वाड्या गावठाणाच्या हद्दीबाहेर, थेट सर्व्हे नंबरात वसलेल्या. तिथे नगररचना कायद्याचं कलम १८ लागतं, अधिकार महसूल खात्याकडे जातो, नकाशा नगररचना कार्यालय तपासतं. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला त्या फायलीतला एक कागद, बस. देवगड-जामसंडे नगरपंचायतीच्या हद्दीत असाल तर अर्ज नगरपंचायतीत. तिन्हीकडे सीआरझेड आहेच. ३२०० चौरस फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, ही २०२१पासून व्हॉट्सअॅपवर फिरणारी बातमी कोणी दाखवली तर विचारा, त्यात सीआरझेड माफ केल्याचं कुठे लिहिलंय?

साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजावं, हेही लोक सांगतात. कायद्यात तशी तरतूद आहे, पण प्रस्ताव नियमात बसणारा असेल तरच. तिच्या भरवशावर पाया खणू नका.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सातबारा खातो. आजोबांच्या नावाखाली काकांची, आत्यांची, त्यांच्या मुलांची नावं असतील, नाहीतर वारस नोंदच राहिलेली असेल. आधी तलाठ्यांकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) वारस फेरफार घाला. ‘इतर हक्कात’ कुळाचं नाव दिसलं तर ते प्रकरण वेगळं, त्यासाठी वकील गाठा. सहहिस्सेदारांची संमतीपत्रं मात्र चतुर्थीला घ्या. तेव्हा मुंबई-पुण्याचे सगळे भाऊबंद घरात असतात, आणि एरवी फोन न उचलणारा चुलतभाऊसुद्धा आरतीला समोर उभा असतो. स्टॅम्पपेपर आधीच टाइप करून न्या, नोटरीला तालुक्याला एकदम सगळ्यांना घेऊन जा. विसर्जनानंतर कोणी सापडत नाही.

या मे महिन्याचा नाद सोडा. पावसाळ्याआधी माप आणि उतारे, चतुर्थीला सह्या, दिवाळीनंतर अर्ज. तोवर कौलं शाकारून घ्या, नाहीतर परवानगी हातात यायच्या आधी घर पावसानेच पडायचं.