पहिल्यांदाच धावताना

प्रश्न : माझे वय ४६ असून आजवर मी कधीच धावलेले नाही. मुंबई मॅरेथॉनमधील ‘ड्रीम रन’साठी एका सेवाभावी संस्थेच्या वतीने मी नाव नोंदवले आहे. दोन महिन्यांत मला हे जमेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : निश्चित जमेल. २००४ पासून भरणाऱ्या या मॅरेथॉनमधील ड्रीम रन सुमारे ६ किलोमीटरची असून तिच्यात वेळेची स्पर्धा नसते. त्यामुळे मधे चालण्यात कमीपणा मुळीच नाही. आठवड्यातून ३ दिवस, १ मिनिट धावणे आणि २ मिनिटे चालणे, असे २० मिनिटे करावे व धावण्याचा वेळ हळूहळू वाढवावा. सोबतिणीशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. धाप लागून शब्द तुटू लागले, की चालू लागावे. बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून घ्यावेत आणि शर्यतीच्या दिवशी कोरे बूट कदापि घालू नयेत. रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. संस्थेसाठी देणगी मागताना संकोच वाटतो हे खरे, तरी तिच्या कामाविषयी दोन ओळी लिहून नातेवाइकांना आजच पाठवाव्यात. रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाईल, एवढे मात्र पाहावे.