मात्सुएसाठी क्योतोमधला एक दिवस कमी करावा का?

एक नाही, दोन कमी करा. मात्सुए म्हणजे पश्चिम जपानमधलं तलावाकाठचं, किल्ल्याचं गाव. आठ दिवसांच्या सहलीत क्योतोचं त्याने काही अडत नाही. मात्र ओसाकाहून सकाळी निघून रात्री परत, असं जे तुम्ही विचारलंय, ते करू नका. शिनकान्सेन या वेगवान गाडीने ओकायामा, तिथून 'याकुमो' गाडीने अडीच तास. जाऊन-येऊन सात तास गाडीतच जातील आणि मग मात्सुएत काही नाही असं तुम्हीच लोकांना सांगाल.

असं सांगणारे एक गृहस्थ आमच्या नात्यात आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही ओकायामाला राहत होतो तेव्हा माझे साडू ठाण्याहून आले होते, सोबत मेहुणी आणि सासूबाई. मी सगळ्यांना मात्सुएला नेलं. साडूंचं गाडीतच सुरू झालं, "एवढा खर्च करून जपानला आलो आणि तुम्ही आम्हाला जिल्ह्याच्या गावाला नेताय?" मात्सुएच्या किल्ल्यातले उभे जिने बघून म्हणाले, "ओसाकाच्या किल्ल्याला लिफ्ट आहे."

आहे ना. कारण ओसाकाचा आज दिसतो तो मनोरा 1931 सालचा, काँक्रीटचा आहे. आत संग्रहालय आहे, चांगलं आहे, जरूर बघा. मात्सुएचा काळा मनोरा 1611 सालचा आहे, लाकडाचा, आणि आपण हात ठेवतो ते खांब त्याच वेळचे. मूळचे असे मनोरे अख्ख्या जपानात 12 उरलेत. दर पावसाळ्यात राजगड-तोरणा करणाऱ्या आणि गडावर कुठे सिमेंट दिसलं की घसा कोरडा करणाऱ्या माणसाने लिफ्ट मागावी, याचा मला तेव्हा राग आला आणि अजून आहे.

हा मनोरा वाचला कसा, तेही ऐका. 1868 नंतरच्या मेईजी काळात जुने किल्ले सरकारला नकोसे झाले. 1875 मध्ये इथल्या इमारती लिलावात मोडीत निघाल्या. मनोऱ्याला बोली लागली 180 येन. तेव्हा कात्सुबे मोतोएमोन नावाचा सधन शेतकरी आणि ताकागी गोनपाची हा संस्थानचा जुना सेवक पुढे आले, पैसे उभे केले आणि पाडकाम थांबवलं. पुढे तो राष्ट्रीय ठेवा ठरला, पण 1950 च्या नव्या कायद्यात तो दर्जा गेला. परत मिळवायला बांधकामाच्या सालाचा ठोस पुरावा हवा होता. 2012 मध्ये किल्ल्याच्याच आवारातल्या मात्सुए देवळात प्रार्थनेच्या दोन लाकडी पाट्या सापडल्या, त्यांवर 1611 हे साल होतं. पाट्यांची खिळ्यांची भोकं तळघरातल्या खांबांवरच्या भोकांशी तंतोतंत जुळली. 2015 मध्ये दर्जा परत मिळाला. हे सगळं मी साडूंना त्या खांबांपाशी उभं राहून सांगितलं. ते म्हणाले, "बरं, बाहेर काय आहे?"

बाहेर खंदक आहे, त्यातून होडी फिरते. काही पूल इतके बुटके की होडीचं छप्पर खाली येतं आणि सगळ्यांना वाकावं लागतं. काठाला शिओमी नावाते ही सामुराई घरांची गल्ली आहे. जपानवर लिहिणारा लेखक लाफ्काडिओ हर्न 1890 मध्ये इंग्रजी शिकवायला आला, तो याच गल्लीतल्या एका घरात काही महिने राहिला. छोटं घर आहे. खोलीत बसून तिन्ही बाजूंना बाग दिसते. घाई करू नका तिथे.

सासूबाईंना सगळ्यात आवडलं मेइमेइ-आन. सातवा संस्थानिक मात्सुदाइरा फुमाइ चहाचा मोठा जाणकार होता, त्याची 1779 ची ही चहाची झोपडी. त्याच्यामुळे या गावाला चहाचा आणि मिठाईचा नाद लागला, तो आजही आहे. 'वाकाकुसा' आणि 'यामाकावा' या दोन मिठाया चुकवू नका. तांदळाचं पीठ आणि साखर, म्हणजे शाकाहारी माणसाचीही सोय.

साडूंनी दुपारचीच गाडी पकडली, मेहुणीलाही नेलं. सासूबाई आमच्याबरोबर थांबल्या. मात्सुएला जायचं ते शिंजी तलावाच्या संध्याकाळसाठी, आणि ती संध्याकाळ साडूंनी पाहिलीच नाही! काठावरचं शिमाने कला संग्रहालय मार्च ते सप्टेंबर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होतं. ज्या गावात संग्रहालयाची वेळ सूर्यावर ठरते, तिथून दुपारी निघणाऱ्याने त्या गावाबद्दल लग्नकार्यात मतं देऊ नयेत.

तर मुक्काम करा, शक्यतो तलावाजवळ. दुसऱ्या दिवशी इचिबाता रेल्वेने इझुमोचं मोठं देऊळ होतं.

काही अडचणी आहेत. पाऊस फार, तिकडे म्हणतातच की डबा विसरा पण छत्री विसरू नका. रात्री लवकर सामसूम होते. शाकाहारी जेवण खरंच कठीण आहे, सूपमध्ये तलावातल्या शिंपल्या आणि सोबा नूडल्सच्या रसात मासा असतोच, तेव्हा खायचं काहीतरी जवळ ठेवा. कला संग्रहालय मंगळवारी बंद असतं. तुमचे एकूण चारच दिवस असते तर मीही नको म्हटलं असतं. 'याकुमो'त सगळ्या जागा आरक्षित असतात, तिकीट आधी काढा.